पाळीचा खाडा

“शेवटची पाळी कधी आली होती?” दवाखान्यात बाईला बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर सणावारांच्या भाषेत येते. “हरतालिकेच्या आदल्या दिवशी. उपासाची पूजा करता आली नाही, म्हणून लक्षात आहे.” “नणंदेच्या लग्नात आली होती, म्हणजे मे महिन्यात.” “गौरींच्या वेळी गोळ्या घेतल्या होत्या, त्यानंतरचे काही नीट आठवत नाही.” पाळीमुळे ज्या दिवशी काहीतरी अडले तेवढा दिवस पक्का ध्यानात राहतो. बाकीच्या तारखा विरून जातात.

त्याच घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. दूध कोणत्या दिवशी आले नाही, सिलिंडर कधी लावला, कामाच्या मावशींची सुट्टी कधी झाली, हे सगळे त्या चौकोनांत लिहिलेले असते. दुधाचा खाडा झाला की फुली पडते आणि महिनाअखेरीस त्या फुल्या मोजून हिशेब होतो. पाळीची तारीख मात्र तिथे सहसा नसते. असलीच तर कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका, कोणाला कळू नये इतका बारीक.

पाळी लवकर लवकर येते, महिनोन्‌महिने येतच नाही, आली की थांबत नाही, मध्येच डाग दिसतात, या सगळ्या तक्रारींना आपण ‘अनियमित पाळी’ या एकाच नावाने हाक मारतो. पण ते आजाराचे नाव नाही. निदानाच्या कागदावर एवढेच लिहून थांबता येत नाही, त्यापुढे ‘कशामुळे’ यायला हवे. ते शोधण्याआधी गोळी घेतली किंवा शस्त्रक्रिया केली, तर त्याची किंमत बाईच्या शरीराला मोजावी लागते. महाराष्ट्रात ती हजारो बायकांनी मोजली आहे.

नियमित म्हणजे किती दिवसांची?

अठ्ठावीस दिवसांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि त्यामुळे पुष्कळ जणी विनाकारण घाबरतात. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजायचे, हे एक चक्र. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये जी व्याख्या सुधारून दिली, तिच्यानुसार प्रौढ स्त्रीचे चक्र २४ ते ३८ दिवसांचे असणे स्वाभाविक आहे. रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत चालू शकतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रात ७ ते ९ दिवसांचा फरकही चालतो. एका महिन्यात २६ दिवसांनी आणि पुढच्या महिन्यात ३१ दिवसांनी पाळी आली, तर ती नियमितच म्हणायची.

‘महिन्यातून दोनदा येते’ ही तक्रार यात पडताळून पाहा. समजा ३ मार्चला पाळी आली, मग २७ मार्चला आणि नंतर २० एप्रिलला. मार्चमध्ये दोनदा आली खरी, पण दोन्ही वेळा अंतर २४ दिवसांचे आहे. यात बिघाड काही नाही, फक्त चक्र छोटे आणि मार्च मोठा.

दुसरा हिशेब पाहा. पाळी ५ जूनला आली आणि चार दिवसांत थांबली. १९ जूनला दोन दिवस हलके डाग पडले. २ जुलैला पुन्हा नेहमीसारखी पाळी. वरवर पाहता पंधरा-पंधरा दिवसांनी पाळी आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात चक्र २७ दिवसांचे आहे. मधले डाग स्त्रीबीज सुटताना काही जणींना पडतात तसे असू शकतात. दर वेळी ते त्याच सुमारास आणि तेवढेच येत असतील तर फारशी काळजी नाही. वेळी-अवेळी येऊ लागले, वाढले किंवा संबंधानंतर दिसू लागले तर तपासणी हवी.

तिसऱ्या प्रकारात २४ दिवसांच्या आतच खरोखरची, भरपूर जाणारी पाळी पुन:पुन्हा येते. या तिन्ही गोष्टी बोलताना एकाच वाक्यात मावतात. तारखा लिहिलेल्या असल्या तरच त्या वेगळ्या दिसतात.

तारीख चुकते ती आधीच

पाळी पिशवीतून, म्हणजे गर्भाशयातून येते, म्हणून तिच्यातल्या बिघाडाचा आळही पिशवीवरच येतो. पण तारीख ठरते मेंदूत. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. तिथून साधारण तासा-दीड तासाने एका संप्रेरकाचा ठोका पडतो. त्या ठोक्यावर वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना संदेश धाडते. बीजकोशात एक बीज पक्व होऊ लागते आणि ते होत असताना इस्ट्रोजेन तयार होते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते. मग बीज सुटते. जिथून ते सुटले तिथे एक पिवळसर पिंड उरतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो. हे दुसरे संप्रेरक अस्तराला बळकटी देते. गर्भ राहिला नाही तर १२ ते १४ दिवसांत पिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि सगळे अस्तर एका वेळी सुटून येते. हीच पाळी.

बीज सुटल्यानंतरचे हे दिवस बहुतेक जणींमध्ये जवळजवळ ठरलेले असतात. कमी-जास्त होतो तो बीज पिकण्याचा काळ. म्हणून पाळी दहा दिवस उशिरा आली, तर बहुधा त्याच्या दोन आठवडे आधी बीज उशिरा सुटलेले असते. कारण शोधायचे ते त्या आधीच्या दिवसांत. ताप येऊन गेला होता का, परीक्षा होती का, घरात आजारपण होते का, रात्रपाळ्या सुरू झाल्या होत्या का?

बीज सुटलेच नाही तर पिवळा पिंड तयार होत नाही, म्हणजे प्रोजेस्टेरॉनही नाही. इस्ट्रोजेन एकटेच अस्तर वाढवत राहते. आधार नसलेल्या मातीच्या भिंतीसारखे ते ठिकठिकाणी ढासळू लागते. आज थोडे, चार दिवसांनी थोडे, मग एकदम लोंढा. दोन महिने पाळी आली नाही आणि मग पंधरा-वीस दिवस थांबेना, ही तक्रार पुष्कळदा अशी घडते. इथे पिशवी निर्दोष असते, वेळेवर न सुटलेले बीज हे कारण असते.

एक ढोबळ खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारखांचा मेळ बिघडला असेल तर बहुधा बीज सुटण्यात अडचण आहे. तारखा बरोबर आहेत पण अंगावर फार जाते, गाठी पडतात, तर पिशवीच्या रचनेत किंवा रक्त गोठण्यात काही आहे का ते पाहावे लागते. अपवाद असतात, पण शोधाची दिशा यावरून ठरते.

सुरुवातीची आणि जायच्या वेळची

न्हाण आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे मेंदू आणि बीजकोश यांचा सूर जुळायला लागतात. त्या काळात २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी येणे स्वाभाविक मानतात. तेरा वर्षांच्या मुलीची पाळी चाळीस दिवसांनी आली म्हणून तिला लगेच हार्मोनच्या गोळ्या सुरू करायची गरज नसते. मात्र तीन महिने उलटूनही पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी पहिलीच पाळी आलेली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

पाळी जायची वेळ आली की पुन्हा तसाच गोंधळ सुरू होतो. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षे चक्र आधी आखडते, तेवीस-बावीस दिवसांवर येते आणि नंतर लांबत जाते. हे नैसर्गिक आहे. पण ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य जितके खरे, तितकेच घातकही आहे, कारण त्याच वयात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढू लागते. म्हणून पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव बिघडला तर अस्तराचा नमुना तपासायला सांगतात. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी वाट पाहू नये. बहुतेक जणींमध्ये कारण साधे निघते, पण ते साधे आहे हे तपासूनच कळते.

मधल्या वयात पाळी चुकली तर सर्वांत आधी दिवस राहिलेत का ते पाहायचे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर पाच मिनिटांत ते कळते. पाळी उशिरा आली, रक्त नेहमीपेक्षा वेगळे आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखते, चक्कर येते, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा तास न दवडता रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना पाळी न येणे किंवा आगेमागे होणे स्वाभाविक आहे. पण पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, हा भरवसा फार काळ धरता येत नाही.

पीसीओडी, थायरॉइड आणि दूध येणे

तरुण मुलींच्या बाबतीत आज सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द पीसीओडी. डॉक्टर त्यालाच पीसीओएस म्हणतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांवरून त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या दर शंभरापैकी साधारण दहा जणींना हा त्रास असतो आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना तो आहे हे ठाऊकच नसते. सोनोग्राफीच्या अहवालातला ‘सिस्ट’ हा शब्द वाचून आया घाबरतात. त्या गाठी नसतात. पिकता पिकता मध्येच थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. अनेकींच्या शरीरात इन्सुलिन पुरेसे काम करत नाही, म्हणून ते जास्त बनते, जास्त इन्सुलिनमुळे बीजकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीज सुटणे अडते. मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसतो तो याच इन्सुलिनच्या घोटाळ्यामुळे. तो मळ समजून मुलींना दगडाने मान घासायला लावतात. घासून तो जाणार नाही. ती शरीराने दिलेली खूण आहे.

फक्त सोनोग्राफीवरून हे निदान होत नाही. पाळी लांबणे, पुरुषी संप्रेरकांच्या खुणा, म्हणजे चेहऱ्यावर राठ केस किंवा रक्ततपासणीतली वाढ, आणि बीजकोशाचे तसे रूप, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. वजन जास्त असलेल्या मुलीने ५ ते १० टक्के वजन उतरवले तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. सत्तर किलोच्या मुलीसाठी ते साडेतीन ते सात किलो होतात. पण बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, आणि ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ हा त्यावरचा उपाय नव्हे. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर औषध देऊन ती आणावी लागते, कारण नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत राहिलेले अस्तर पुढे धोक्याचे ठरू शकते. ‘पाळी आली नाही की घाण रक्त आत साचते’ ही समजूत मात्र खोटी आहे. पाळीचे रक्त घाण नसते आणि साचून विषारीही होत नाही.

थायरॉइड ग्रंथी मंदावली की पाळी लवकर येऊ शकते, लांबू शकते किंवा अंगावर फार जाऊ शकते. ती जास्त काम करू लागली की पाळी कमी आणि तुरळक होते. टीएसएचची एक साधी रक्ततपासणी पुरते. पाळी बंद आहे, मूल अंगावर नाही, तरी स्तनांतून दूध येते, असे असेल तर प्रोलॅक्टिन वाढलेले असण्याची शक्यता मोठी. पीयूषिकेतली लहानशी गाठ हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घरातल्या औषधांच्या डब्यात सापडू शकते. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेले असते. त्याने प्रोलॅक्टिन वाढते आणि पाळी चुकते. कॅप्सूलच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून ते कळू शकते. म्हणून पाळीची तक्रार सांगताना पोटाची, मानसिक आजाराची, फिटची, कसलीही औषधे चालू असतील तर ती सोबत न्यावीत.

पोट, पाय आणि मन

पहाटे कोणत्याही जिल्ह्याच्या मैदानावर जा, पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली दिसतील. उपाशी पोटी पळायचे, मग ग्रंथालय, मेसचा दोन पोळ्यांचा डबा, रात्री पुन्हा व्यायाम. यांतल्या काहींची पाळी चार-सहा महिने बंद पडते आणि त्यांना ते सोयीचेही वाटते. शरीर मात्र हिशेब लावत असते. येणाऱ्या अन्नापेक्षा खर्च जास्त होऊ लागला की हायपोथॅलॅमसचा तो तासा-दीड तासाचा ठोका मंदावतो, कारण अशा स्थितीत गर्भ पोसणे शरीराला परवडणारे नसते. इस्ट्रोजेन उतरते आणि त्याबरोबर हाडेही ठिसूळ होऊ लागतात. नडगीचे दुखणे बरेच होत नाही, त्यामागे हेही असू शकते. इथे पाळी आणण्याच्या गोळ्यांआधी पोटभर जेवण आणि विश्रांती हवी. कडक डाएट, लागोपाठचे निरंकार उपास, झपाट्याने उतरवलेले वजन यांचाही परिणाम असाच होतो.

मनावरच्या ताणाचा मार्गही तोच आहे. घरातला मृत्यू, नोकरी जाणे, छळ, सततची अपुरी झोप यांनी मेंदूतला ठोका अडखळतो. ‘तिच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून ते सोडून देऊ नये. ताण खरा असतो आणि शरीरात त्याची वाटही खरी असते.

गणपतीच्या गोळ्या आणि इतर

भाद्रपद जवळ आला की औषधाच्या दुकानांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ती घेतात आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. ही गोळी प्रोजेस्टेरॉनचे काम करते, म्हणून अस्तर सुटत नाही. एखाद्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर बहुतेकींना त्रास होत नाही. पण श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती, मग नवरात्र, मग कोणाचे लग्न, अशी ती वारंवार घेतली की स्वतःचे चक्र कोणते आणि गोळीचे कोणते, हेच कळेनासे होते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार किंवा तीव्र अर्धशिशी असेल, तर ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. देवापुढे उभे राहायला शरीराला परवानगी घ्यावी लागते असे ज्या घरात मानतात, तिथे त्या समजुतीची किंमत कोण चुकवते, याचा विचार मोठ्या माणसांनी करावा.

असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. ती घेतल्यावर पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. आठवड्याहून उशीर झाला तर गर्भतपासणी करावी. ही अडीअडचणीची गोळी आहे, महिन्यातून तीनदा घेतली तर तारखांचा मेळ राहणार नाही.

सरकारी आरोग्य केंद्रांत २०१७ पासून ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी मिळते. अंतरामुळे सुरुवातीला अवेळी डाग पडतात आणि पुढे अनेकींची पाळी थांबते. छाया लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या औषधाची गोळी आहे. तिच्यात स्टेरॉइड संप्रेरक नाही, पण पाळी लांबू शकते. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने जास्त जाते. हे सगळे आधी सांगितले गेले तर बाई घाबरत नाही. सांगितले नाही तर ती दुसऱ्याच महिन्यात साधन काढून टाकते.

पिशवीतले आणि रक्तातले

गर्भाशयाच्या रचनेतली कारणे मुख्यतः चार. अस्तरावर उगवलेला लोंबता मांसल अंकुर, म्हणजे पॉलिप. त्याने मधेमधे डाग पडतात. ॲडेनोमायोसिसमध्ये अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरतात, पिशवी सुजते आणि पाळीत असह्य दुखते. फायब्रॉइडच्या गाठी जवळजवळ नेहमी कर्करोगाच्या नसतात. पोकळीत डोकावणारी सुपारीएवढी गाठ पुष्कळ रक्त घालवते, आणि बाहेरच्या बाजूची लिंबाएवढी गाठ कधी काहीच त्रास देत नाही. म्हणून गाठ किती मोठी याआधी ती कुठे आहे ते विचारावे. चौथे कारण कर्करोग. संबंधानंतर रक्त जात असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये. जंतुसंसर्गानेही डाग पडतात, आणि आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग अजून आहे. त्यात पाळी कमी कमी होत जाते आणि मूल राहत नाही.

रक्त गोठण्यातला दोष फार वेळा नजरेतून सुटतो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांट या डॉक्टरांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाचा अभ्यास करून १९२६ मध्ये अशा आनुवंशिक दोषाचे वर्णन केले. ज्या लहान मुलीपासून त्यांचा शोध सुरू झाला, ती पुढे तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली. आज या आजारावर उपचार आहेत. पहिल्या एक-दोन पाळ्यांपासूनच मुलीला भयंकर जात असेल, लहानपणी नाकातून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर ते थांबत नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरहून जास्त जाऊ लागले की शरीरातले लोह भरून निघत नाही. घरी कोणी मोजत नाही, पण खुणा असतात. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजणे, रात्री उठून बदलावे लागणे, पाच-दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणे, जिना चढताना धाप लागणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ दरम्यान महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे एकमेव कारण पाळी नाही, पण ज्या बाईचे रक्त आधीच कमी आहे, तिच्या अंगावर जास्त जाणे ही किरकोळ बाब राहत नाही.

दुसरा खाडा

खाडा हा शब्द दुधाच्या हिशेबात आहे, तसाच उसाच्या फडातही आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकले तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. पालावर पाणी नाही, आडोसा नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. तिथे पाळीत जास्त गेले, ओटीपोट दुखले, अंगावरून पांढरे गेले तरी बसता येत नाही. अशा बायका दवाखान्यात गेल्यावर अनेकींना ‘पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले.

हा विषय गाजल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहापैकी एकीचे. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे वय एका दिवसात येते. हाडे झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा निघतात, आणि कोयता तर हातातच असतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

गर्भाशय काढणे कधीच योग्य नसते, असे नाही. कर्करोगात किंवा इतर उपायांना दाद न देणाऱ्या रक्तस्रावात ती शस्त्रक्रिया बाईला जगवते. पण त्याआधी पायऱ्या आहेत. हिमोग्लोबिन, टीएसएच, गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, वयानुसार अस्तराचा नमुना. मग कारणाप्रमाणे औषध. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, पॉलिप असेल तर दुर्बिणीतून तेवढाच काढणे. ‘पिशवी काढा’ असे कोणी सांगितले तर तीन प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे. कारण नेमके काय निघाले? औषधाने काय होऊ शकते? बीजकोश ठेवणार का? आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतले म्हणून पहिल्याचा अपमान होत नाही.

चार नोंदी

ही सगळी शोधाशोध ज्या कागदावर उभी राहते, तो रुग्णालयात मिळत नाही, घरीच तयार करावा लागतो. पाळीचा पहिला दिवस, थांबल्याचा दिवस, सर्वांत जास्त गेले त्या दिवशी लागलेली पॅड आणि मधे पडलेले डाग. एवढ्या चार गोष्टी. घेतलेली गोळी, आलेला ताप, झालेला प्रवास बाजूला लिहिला तर उत्तमच. मोबाइलमध्ये लिहा, वहीत लिहा, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहायलाही हरकत नाही. मुलीला पदर आला की पहिली नोंद आईने तिच्यासमोर, पेनाने, सगळ्यांना दिसेल अशी करावी. ज्या घरात दुधाच्या खाड्याची फुली उघड पडते, तिथे मुलीच्या तब्येतीची खूण लपवण्यासारखे काही नाही.

मग कधी दवाखान्यात जावे लागलेच आणि तो पहिला प्रश्न आला, की ती सण आठवत बसणार नाही. ती वाचून दाखवेल: १२ जानेवारी, ९ फेब्रुवारी आणि त्यानंतर थेट ३० मार्च. पहिले अंतर अठ्ठावीस दिवसांचे, दुसरे एकोणपन्नास. डॉक्टर विचारतील, फेब्रुवारीत काय झाले होते? आणि तिला ते सांगता येईल.